ऑर्केस्ट्रातली खुर्ची की जॅझमधल्या तारखा?

डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं पण माणसाहून उंच, खर्जातलं वाद्य, हे दोन्ही घरांत खपतं. मोठ्या ऑर्केस्ट्राला आठ-आठ बेस लागतात, जॅझ ट्रिओला एकच; पण त्या एकावाचून पान हलत नाही. त्यामुळे शिक्षण संपवून बाहेर पडताना आम्हा बेसवाल्यांपुढे हा प्रश्न हमखास उभा राहतो. मी पाच वर्षं जॅझमध्ये काढली, मग ऑर्केस्ट्रात आलो आणि तिथेच टिकलो. तेव्हा माझा काटा कुठे झुकणार ते उघड आहे. तेवढं वजा करून वाचा.

ऑर्केस्ट्रात शिरणं हा छळ आहे, हे मात्र आधीच कबूल करतो. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात चेलो आणि बेस अचानक धावत सुटतात, तो तुकडा मी इतका घासलाय की घरच्यांना पाठ झाला होता. नवव्या सिंफनीतलं रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखा वाजवायचा तुकडा, तेही तसंच. कुठेही अर्ज करा, ऑडिशनला वाजवायच्या तुकड्यांची यादी थोड्याफार फरकाने हीच. मग परीक्षकांना दिसू नये म्हणून पडद्याआड उभं राहायचं. बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये म्हणून पायाखाली गालिचा. नाव नाही, फक्त नंबर, बोलायचं नाही. माझ्या तिसऱ्या ऑडिशनला मी दीड मिनिट वाजवलं असेल, तेवढ्यात पलीकडून "थँक यू" आलं. सहा महिन्यांची तयारी, दीड मिनिटात निकाल.

तरी त्या पडद्याला मी नावं ठेवणार नाही. बॉस्टन सिंफनीने १९५२ साली तो लावून पाहिला, पण सगळीकडे पोचायला बराच काळ गेला. आर्ट डेव्हिस हे आमच्याच वाद्याचे, जॅझमधले थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्याबरोबर वाजवलेले. त्यांनी आणि चेलोवादक अर्ल मॅडिसन यांनी १९६९ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध वर्णभेदाची तक्रार केली, आणि पडद्याची मागणी वाढण्यात त्या प्रकरणाचा मोठा वाटा आहे. बेसवादक रॉन कार्टर १९५९ मध्ये ईस्टमन स्कूलमधून शास्त्रीय शिक्षण पुरं करून निघाले. कृष्णवर्णीय माणसाला तेव्हा ऑर्केस्ट्राची दारं जवळपास बंदच होती. पुढे त्यांनी जॅझमध्ये केवढं नाव कमावलं ते सांगायला नको. 'ऑर्केस्ट्रा की जॅझ' असा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडतो, हीच मुळात चैन आहे.

निवड झाली म्हणजे संपलं, असंही नाही. पुढे प्रोबेशन. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये नव्या वादकाला कायम करायचं की नाही, हे वादकच मत देऊन ठरवतात. तिथले तेव्हाचे मुख्य कंडक्टर करायान यांना क्लॅरिनेटवादक साबीने मायर हव्या होत्या, पण वादकांचं मत पडलं विरोधात ७३, बाजूने ४. आमच्याकडे इतकं टोकाचं काही झालं नाही, पण पहिलं वर्षभर मी कॉफीसुद्धा जपून प्यायलो.

जॅझमध्ये दार उघडंच असतं. जॅम सेशनला, म्हणजे कुणीही येऊन वाजवावं अशा मैफलीला जायचं, आपली पाळी आली की उभं राहायचं. दीड-दोनशे स्टँडर्ड ट्यून्स, म्हणजे जॅझवाल्यांना सगळ्यांना ठाऊक असलेली गाणी, डोक्यात हव्यात, आणि गाणारीने ऐनवेळी पट्टी बदलली तर कपाळाला आठी पडता कामा नये. ड्रमरची ठेका धरणारी झांज (राइड सिंबल) आणि ठोक्यागणिक एक सूर टाकत चालणारी आपली वॉकिंग लाइन एकमेकांत फिट बसली की जे होतं, ते ऑर्केस्ट्रात मला अजून मिळालेलं नाही. बेसचा सोलो सुरू झाला की श्रोते गप्पांना लागतात, हा आमच्यातला जुना विनोद शंभर टक्के खरा आहे. त्याचीही सवय होते.

सवय झाली नाही ती एकाच वाक्याची. "तारीख धरून ठेव, कळवतो."

बाहेरून हे क्षुल्लक वाटेल. पण धरलेली तारीख म्हणजे कामही नाही आणि सुट्टीही नाही. माझ्या डायरीत पेनाने लिहिलेलं फार थोडं असायचं; बाकी सगळी पेन्सिल, आणि खोडून खोडून कागद विरलेला. एकदा एका पियानोवादकाने रेकॉर्डिंगसाठी सलग तीन दिवस धरायला सांगितले. त्याच्याबरोबर वाजवायला मी कधीही तयार असायचो. त्यासाठी दोन रात्रींचं, चांगले पैसे देणारं काम सोडलं. दहा दिवस आधी विचारलं, तर "बहुतेक होतंय". दोन दिवस आधी निरोप आला, "पुढच्या महिन्यात बघू". माणूस वाईट नव्हता. स्टुडिओवाल्याने त्यालाही हेच ऐकवलं असणार. त्याच आठवड्यात एका नवख्या ड्रमरला मी फोनवर म्हणालो, "तारीख धरून ठेव, कळवतो." फोन ठेवला आणि ऑडिशनचा फॉर्म भरायला बसलो.

ऑर्केस्ट्रात अख्ख्या सीझनचं वेळापत्रक आधी हातात पडतं. रिहर्सल संपायच्या वेळेला कंडक्टरने "अजून पाचच मिनिटं" म्हटलं की वादकांचा प्रतिनिधी घड्याळाकडे बघतो. त्या बघण्यातलं सुख गिग, म्हणजे सुटे कार्यक्रम, करणाऱ्यालाच कळेल. दुसऱ्या डेस्कवरच्या, म्हणजे पुढून दुसऱ्या जोडीच्या स्टँडवरच्या, माझ्या पानांवर कुणा जुन्या वादकाने एका ठिकाणी पेन्सिलीने चष्मा काढून ठेवलाय. अर्थ एवढाच, की इथे वर बघ, कंडक्टर दगा देतो. आणि तो देतोच.

कंटाळा येत नाही असं नाही. लय दुसऱ्याची, बो (गज) कुठे खाली आणि कुठे वर ओढायचा तेही दुसऱ्याने ठरवलेलं. पाठीमागे ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं, असली तर कानात प्लग घालून बसावं लागतं. खुर्ची अढळ आहे असंही समजू नका: मिनेसोटा ऑर्केस्ट्राचे वादक पगाराच्या वादात ऑक्टोबर २०१२ ते जानेवारी २०१४ टाळेबंदीत होते. आणि ज्याला स्वतःचं संगीत लिहायचंय, ज्याच्या डोक्यात रोज नवं काहीतरी घोळत असतं, त्याला आमच्या दुसऱ्या डेस्कवर घुसमटल्यासारखं होईल. त्याने जॅझच करावं. माझ्या डायरीचं रडगाणं मनावर घेऊ नये.

'दोन्ही करीन' म्हणणाऱ्यांसमोर ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस यांचं उदाहरण असतं. त्यांना एकाच वर्षी जॅझ आणि शास्त्रीय असे दोन्ही ग्रॅमी मिळाले. ट्रम्पेटचं मला ठाऊक नाही. बेसवर मात्र बोच्या कामासाठी आणि बोटांनी छेडण्यासाठी तारा वेगळ्या लागतात, पट्टीपासून त्यांची उंची वेगळी लागते, उजव्या हाताचं वळणच वेगळं. दोन्हीकडे बरं वाजवता येतं. दोन्हीकडे चांगलं वाजवणारे मी मोजकेच पाहिलेत.

सुट्टीच्या रात्री मी अजून जॅमला जातो. परवा एक सॅक्सोफोनवाला म्हणाला, पुढच्या महिन्यात तीन तारखा धरून ठेवशील का? वेळापत्रक काढून पाहिलं. दोन दिवस रिहर्सल होती, तिसऱ्या दिवशी मोकळा होतो. मी तिन्ही दिवसांना नाही म्हणालो.