जर्मनीत कॉम्प्युटरची डिग्री म्हणून पैसे घेतले, प्रवेश कुठंच नव्हता

भाच्याला बारावीनंतर जर्मनीत कॉम्प्युटर सायन्सला पाठवतो म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एका कन्सल्टन्सीवाल्यानं आमच्या दाजींकडून तीन लाख रुपये घेतले. प्रवेश झालाच नव्हता. लातूर-नांदेडकडची आणखी पोरं त्याच्या ऑफिसात आईबापाला घेऊन बसलेली मी पाहिलीत, म्हणून हे लिहितोय.

"काका, जर्मनीत फी शून्य, सगळं इंग्रजीत. जेईई-बिईई काही लागत नाही." असं तो छातीठोक सांगायचा. यातलं फीचं तेवढं बरंचसं खरं आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीचं खपून जातं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. पण सरकारी विद्यापीठांतली पदवी मुख्यतः जर्मन भाषेत असते, इंग्रजी कोर्स मोजके. शिवाय नुसत्या बारावीवर साधारणपणे थेट घेत नाहीत. जेईई ॲडव्हान्स्ड पास लागते, नाहीतर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्या विषयाच्या पदवीचं एक वर्ष. भाच्याकडं दोन्ही नव्हतं, हे मार्कशीट हातात घेतल्याबरोबर त्या माणसाला कळलेलं होतं.

खरी चलाखी ईमेलमध्ये होती. भाच्याच्या नावानं त्यानं स्वतःच नवा ईमेल उघडला आणि मोबाइल नंबर ऑफिसचा टाकला. पासवर्ड मागितला की म्हणायचा, "पोरं काहीतरी दाबून ठेवतात, अर्ज बाद होतो." म्हणजे विद्यापीठाकडून काय आलं आणि काय नाही, ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. पुढं व्हॉट्सॲपवर ॲडमिशन लेटर आलं. वर लोगो, खाली निळा शिक्का, सही. अर्ज क्रमांक कुठंच नाही. ताईनं गल्लीत पेढे वाटले.

मग ब्लॉक अकाउंटचा, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचा, विषय निघाला. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये. "आमच्या चालू खात्यावर टाका, पुढचं आम्ही बघतो." दाजींनी आडतीवरचे सोयाबीनचे पैसे उचलले, उरलेले पाहुण्यांकडून घेतले आणि उदगीरच्या बँकेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी आरटीजीएसचा फॉर्म वाचून परत सरकवला. "हे खातं मुलाच्या स्वतःच्या नावानं उघडतं. तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो त्यालाच मिळतात. संभाजीनगरच्या फर्मला कशाला पाठवताय?" त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

त्याच रात्री भाच्यानं आपल्या जुन्या ईमेलवरून ते लेटर थेट विद्यापीठाला पाठवून विचारलं. उत्तर आलं: या नावाचा अर्जच आमच्याकडं नाही, आणि हा कोर्स आम्ही इंग्रजीत शिकवतही नाही.

पैसे परत मागायला गेलो तर त्यानं आमचीच पावती पुढं धरली. तळाला बारीक अक्षरांत छापलेलं, "मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही." रोख दिलेल्या दीड लाखाची तर पावतीच नाही.

आता खरा खर्च ऐका. युनि-असिस्ट, म्हणजे बऱ्याच जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी संस्था, तिच्यामार्फत अर्ज केला तर पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०. नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत याची पडताळणी) सक्तीचं झालंय, त्याची फी १८,००० रुपये. हे अर्ज मुलगा घरी बसून स्वतः भरू शकतो. इंग्रजी कोर्स कुठं आहेत ते डीएएडी या परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणाऱ्या जर्मन संस्थेच्या वेबसाइटवर फुकट दिसतं.

परभणीकडच्या एका बापाला तर तो शासनाची परदेश शिष्यवृत्ती लावून देतो म्हणून वेगळे पैसे मागत होता. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी मिळते. बारावीनंतरच्या पदवीला ती नाहीच. गरिबाच्या आशेवर असा डल्ला मारणाऱ्याचा मला फार संताप येतो.

भाच्यानं आता नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतलाय, सोबत जर्मनचा क्लास लावलाय. पोलिसांत तक्रार दिली आहे. तुमच्याही पोराचा ईमेल अशा कुणाच्या ताब्यात असेल, तर आजच विद्यापीठाला परस्पर लिहून विचारा. पैसे गेले असतील तर पावत्या, बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, काही पुसू नका, आणि लाजेपोटी गप्प न बसता पोलिसांत लेखी तक्रार द्या.