पायलट ट्रेनिंगचं शिक्षणकर्ज: स्वस्त आहे, पण वेळापत्रक कॉलेजचं

फ्लॅट किंवा एनए प्लॉट तारण ठेवून सरकारी बँकेकडून मिळणारं शिक्षणकर्ज हा भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी पैसा उभा करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. दर, परतफेडीची मुदत आणि पारदर्शकता यांसाठी पाचपैकी चार गुण. या शिक्षणाला ते कितपत बसतं, यासाठी मात्र दोनच. हे कर्ज इंजिनिअरिंगच्या मापाने शिवलेलं आहे: ठरलेली सेमिस्टर, ठरलेली फी, शेवटी कॅम्पस आणि मग नोकरी. उड्डाणाचं शिक्षण तासांवर चालतं, आणि तास पाऊस, धुकं, विमानांची दुरुस्ती, प्रशिक्षकांची संख्या यांच्यावर.

आधी कर्ज काय देतं ते पाहू. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत डीजीसीएमान्य (डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक) पायलट ट्रेनिंगचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे शाखेत कुणी ‘हा कोर्स बसत नाही’ म्हणालं तर योजनेचं परिपत्रक दाखवायला सांगा. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. स्वतःचा वाटा देशात ५ टक्के, परदेशात १५ टक्के. कोर्स आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. त्या काळात सरळव्याज लागतं, ते मुद्दलात मिळवून हप्ता ठरतो. परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत. शिकत असताना व्याज भरत गेलात तर बऱ्याच बँका दरात सवलत देतात, मुलींना वेगळी सवलत असते. दोन्ही मागितल्याशिवाय लागत नाहीत, म्हणून मंजुरीपत्रात लिहून घ्या.

तारणात महाराष्ट्रातली बरीच घरं पहिल्याच फेरीत अडकतात. सातबारा असलेली शेतजमीन बँका या कर्जाला सहसा घेत नाहीत, कारण थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. पाच एकर बागायत असून उपयोग नाही, तालुक्याच्या गावातला छोटा फ्लॅट चालतो. फ्लॅटचं भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या खरेदीखतांची साखळी, बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन हे सगळं व्हायला महिना-दीड महिना सहज जातो. गहाणाचं मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडच्या नोटीस ऑफ इंटिमेशनचा (गहाणाच्या नोंदीचा) खर्च तुमच्या खिशातून. बॅच सुरू व्हायच्या आठवडाभर आधी बँकेत जाणाऱ्याला शेवटी एनबीएफसीचंच, म्हणजे बिगरबँक वित्तसंस्थेचंच कर्ज घ्यावं लागतं. तिथे मंजुरी झटपट आणि तारणही कधीकधी लागत नाही, पण दर दोन-तीन टक्क्यांनी जास्त आणि व्याज बहुधा पहिल्या महिन्यापासून भरायचं.

आता आकडे. ६० लाखांचं कर्ज, दर ११ टक्के धरू (आजचा दर रेपोप्रमाणे थोडा वरखाली असेल). पैसे १५ लाखांच्या चार हप्त्यांत, दर सहा महिन्यांनी सुटले. कोर्स दोन वर्षं, वर एक वर्ष हप्त्यातून सवलत. तिसऱ्या वर्षाअखेर सरळव्याज १४ लाख ८५ हजार होतं, म्हणजे परतफेड ७४ लाख ८५ हजारांवर सुरू होते. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे १ लाख ३ हजार, पंधरा वर्षांत फेडायचं तर सुमारे ८५ हजार. पंधरा वर्षांच्या मार्गाने एकूण दीड कोटीच्या वर भरले जातात. नोकरी लागलेल्या को-पायलटला ८५ हजारांचा हप्ता झेपतो. पण हप्ता नोकरीची वाट पाहत थांबत नाही, आणि या कर्जाचा खरा दोष तिथेच आहे.

फ्लाइंग स्कूलच्या माहितीपत्रकात कोर्स १२ ते १८ महिन्यांचा छापलेला असतो. बँक तोच आकडा मंजुरीपत्रात घालते आणि सवलतीचं वर्ष त्यापुढे मोजते. प्रत्यक्षात लायसन्सला लागणारे २०० तास पुरे व्हायला दोन वर्षं लागणं नेहमीचं आहे, अडीचही लागतात. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे), २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या पल्ल्याची उड्डाणं (त्यातलं एक किमान ३०० नॉटिकल मैलांचं), रात्रीची उड्डाणं आणि इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे फक्त उपकरणं पाहून उडण्याचे तास. एकल उड्डाणाला आभाळ स्वच्छ लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर निम्मे दिवस वाया जातात, उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीची धुक्याची सकाळ. शिवाय एखादं विमान मोठ्या तपासणीला गेलं आणि सुटा भाग बाहेरून यायचा असला की रांग आणखी लांबते. परिणाम असा की लायसन्स हातात पडतं तेव्हा सवलतीच्या वर्षातले सहा महिने संपलेले असतात आणि टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याचं जादा प्रशिक्षण आणि परवानगी) बाकीच असतं.

यावर उपाय अर्जाच्या वेळीच करायचा, नंतर होत नाही. प्रवेशपत्रात स्कूलकडून कोर्सचा कालावधी २४ महिने लिहून घ्या. मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे तास फीच्या तक्त्यात वेगळे दाखवून घ्या. आणि टाइप रेटिंग याच मंजुरीत ‘कोर्सचा भाग’ म्हणून घालून घ्या. एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग साधारण १५ ते २० लाखांना पडतं. ते पहिल्या कर्जात नसेल तर नंतर टॉप-अप मागावा लागतो, आणि फ्लॅट तेव्हा आधीच गहाण असतो.

बँक पैसे थेट स्कूलला देते, आणि पैसे तिथेही अडकतात. काही स्कूल निम्म्याहून जास्त फी आगाऊ मागतात. उडालेल्या तासांप्रमाणे पैसे सोडणारं वेळापत्रक जी देईल तीच स्कूल निवडावी. विमानं जमिनीवर बसली किंवा मान्यता निलंबित झाली तर आगाऊ गेलेले पैसे परत मिळवताना बँक तुमच्या बाजूने भांडत नाही. तिच्या दृष्टीने कर्ज वाटून झालेलं असतं, व्याज चालू राहतं.

स्कूल तपासताना इमारत, सिम्युलेटर आणि गणवेशातले फोटो बाजूला ठेवा. विचारायचं ते असं: आज उडण्यायोग्य विमानं किती, विद्यार्थी किती, पूर्णवेळ प्रशिक्षक किती, गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले. चांगल्या हंगामात महिन्याला १५-२० तास मिळत असतील तर ठीक. ५-६ मिळत असतील तर कोर्स तीन वर्षांचा आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. महाराष्ट्रात गोंदियाला बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, बारामती, शिरपूर, धुळे, नागपूर इथेही प्रशिक्षण चालतं, आणि अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने स्कूल उभारायला घेतलेली आहे. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून स्कूलची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली आणि पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही स्कूल नव्हती. प्रतवारी वर्षातून दोनदा होते, प्रवेशाआधी ताजी यादी पाहावी.

फीच्या तक्त्यात काय नाही हेही वाचा. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, वैद्यकीय तपासण्या, हेडसेट, चेक उड्डाणं, परीक्षेत नापास झाल्यास लागणारे जादा तास आणि इंधनाचा दर वाढला तर वाढीव आकार. विमानात भरायचं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅवगॅस, महाग आहे आणि ‘दर बदलू शकतो’ हे वाक्य करारात जवळपास नेहमीच असतं. कर्जाच्या रकमेत १० टक्के जादा धरून मंजुरी घ्या, न वापरलेल्या रकमेवर व्याज लागत नाही. बिलावर १८ टक्के जीएसटी दिसला तर प्रश्न विचारा. सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर डीजीसीएमान्य स्कूलमधले मान्य उड्डाण अभ्यासक्रम करमुक्त असल्याचं स्पष्ट झालेलं आहे. व्याजावरची आयकरातली वजावट (१९६१ च्या कायद्याचं कलम ८०ई) मिळवायची तर जुनी करप्रणाली निवडावी लागते आणि ती व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षांपुरतीच असते. पंधरा वर्षांच्या कर्जात उरलेली वर्षं कोरडी.

परदेशी पर्यायावर जास्त लिहिण्यासारखं नाही. अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत हवामान आणि विमानं मिळाल्यामुळे तास लवकर होतात. पण परतल्यावर लायसन्स बदलून घेताना डीजीसीएचे पेपर, वैद्यकीय तपासणी आणि इथली चेक उड्डाणं हे सगळं पुन्हा आहे, आणि रुपया घसरला तर मंजूर कर्ज मध्येच अपुरं पडतं.

विमान कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रामकडे (कंपनीच आधी निवड करून ट्रेनिंग ठरवून देते, खर्च विद्यार्थ्याचा) वेगळ्या नजरेने पाहायला हवं. खर्च टाइप रेटिंगसकट कोटीच्या पुढे जातो, म्हणजे वरच्या हिशेबातला हप्ता दीडपटीच्याही वर. बदल्यात निवड आधी होते, ट्रेनिंगचा क्रम एकसंध असतो आणि शेवटी रांगेत उभं राहावं लागत नाही, निदान हेतू तसा असतो. हाती येतं ते सशर्त पत्र. त्यातलं ‘कंपनीच्या गरजेनुसार’ हे कलम वकिलाकडून वाचून घ्या: कंपनीने भरती थांबवली तर तुम्ही किती महिने वाट पाहायची, त्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या नूतनीकरणाचा खर्च कुणाचा, दुसरीकडे जायची मोकळीक आहे का. बाँडची रक्कम आणि वर्षंही तिथेच असतात. तारण भरपूर असलेल्या घरांसाठी हा मार्ग वाईट नाही. एकमेव फ्लॅट गहाण टाकून मात्र आम्ही तो सुचवणार नाही.

मुळात विमान कंपनीची नोकरी हेच ध्येय ठेवावं का? २०२३ मध्ये डीजीसीएने १,६०० हून जास्त कमर्शियल लायसन्स दिली. ‘पायलटांचा तुटवडा’ ही बातमी दर सहा महिन्यांनी येते आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्या ड्यूटी-विश्रांती नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा ती पुन्हा आली. पण कमतरता मुख्यतः कॅप्टनांची असते. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्ससाठी १,५०० तास हवेत, आणि २०० तासांच्या नव्या मुलाला तिथे पोचवायला कंपनीला वर्षं लागतात. भरती लाटेसारखी येते, नवी विमानं आली की शेकड्यांनी, नाही तर वर्षभर काहीच नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी पायलट बाजारात आले आणि नव्यांची रांग मागे सरकली. हप्ता तेव्हाही चालूच होता.

म्हणून कर्जाच्या अर्जाआधी स्वस्त गाळण्या लावून घ्या. पहिली, डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे क्लास टू ही प्राथमिक, आणि लगेच कमर्शियल लायसन्सला लागणारी क्लास वन वैद्यकीय तपासणी. रंगांधळेपणा, कानाचा दोष, ईसीजीतली गडबड इथेच कळते आणि खर्च हजारांत भागतो. क्लास टू मिळालं म्हणून फी भरून मोकळे होणारे आणि क्लास वनला अडकणारे दर बॅचला असतात. दुसरी, डीजीसीएच्या परीक्षांचा नोंदणी क्रमांक, म्हणजे कॉम्प्युटर नंबर काढून नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी आणि एअर रेग्युलेशन्सचे पेपर घरी राहून द्या. पास व्हायला ७० टक्के लागतात. सहा-आठ महिन्यांत हे तिन्ही सुटले नाहीत तर स्कूलमध्ये जाऊनही तेच होणार, फक्त व्याजाचं मीटर चालू असताना. तिसरी, जवळच्या स्कूलमध्ये दोन-चार तासांचं उड्डाण पैसे देऊन करून बघा. इतर मागास, भटक्या-विमुक्त वर्गातल्या विद्यार्थ्यांनी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं, तिथे कर्जाचा प्रश्नच बदलतो.

लायसन्सनंतर वर्षभर नोकरी नाही लागली तर काय, हेही आधीच ठरवा. क्लास वन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग दोन्ही दर वर्षी नवं करावं लागतं, त्याचे पैसे वेगळे काढून ठेवा. सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग घेऊन स्कूलमध्येच शिकवणं हा सर्वात शहाणा मधला रस्ता: पगार बेताचा, पण तास वाढतात.

बँकेसोबत येणाऱ्या विम्याबद्दल शेवटचं. कर्जाला जोडलेला मुदत विमा घेताना ‘विमानातील प्रवासी सोडून इतर उड्डाण’ वगळलेलं आहे का ते बघा. अनेक पॉलिसींत असतं, आणि मग प्रशिक्षणातला अपघात दाव्यात बसत नाही. जादा प्रीमियम भरून ते कलम काढून घेता येतं. वैद्यकीय कारणाने लायसन्स गेलं तर साधा जीवन विमा काही देत नाही, त्यासाठीचं लॉस ऑफ लायसन्स कव्हर बहुधा कंपनीत रुजू झाल्यावरच मिळतं. मधली तीन-चार वर्षं उघडी राहतात. त्या काळात सहकर्जदार म्हणून सही केलेले वडील किती वर्षांचे असतील हे मोजा. आज ५२ चे असतील तर पहिला हप्ता ५५ व्या वर्षी आणि शेवटचा सत्तरीत. बँक त्यांच्या निवृत्तीची तारीख विचारतेच, घरातही ती आधी विचारून घ्यावी.