यागुलमधल्या दोन आना मेंडिएता: छायाचित्र की फिल्म?

मेक्सिकोतल्या ओआहाकाजवळचं यागुल हे प्राचीन अवशेषांचं ठिकाण. क्युबात जन्मलेली कलाकार आना मेंडिएता हिने तिथल्या या दोन कलाकृतींत स्वतःचं शरीर जमिनीच्या स्वाधीन केलं.

१९७३ च्या ‘इमाखेन दे यागुल’ या छायाचित्रात ती दगडी थडग्यात विवस्त्र पडलेली आहे. अंगावर पांढरी फुलं इतकी दाट, की चेहरा दिसतच नाही. फुलं जणू देहातूनच उगवलीत. चित्र सुंदर आहे, पण ते एका क्षणावर थांबतं. पुढचं आपण कल्पायचं.

१९७४ ची ‘बरियल पिरॅमिड’ ही सुपर ८ या छोट्या कॅमेऱ्याच्या रिळावरची मूक फिल्म, जेमतेम काही मिनिटांची. सुरुवातीला फक्त दगडांचा ढीग. मग तो हलतो. श्वास खोल होत जातो, दगड घरंगळतात आणि खाली माणूस आहे हे उमगतं. इथे दगडाचं वजन छातीवर जाणवतं, कारण ते उचलायला श्वासाला वेळ लागतो आणि तो वेळ कॅमेरा कापत नाही.

आधी छायाचित्रच पाहा, ते सहज सापडतं. मला मात्र फिल्म कितीतरी सरस वाटते: छायाचित्रात देह मातीत विरतो, फिल्ममध्ये तो मातीशी झगडून वर येतो.