गिलाव्यातून फरशीकामाकडे वळताना: चार फुटी हाताचा टाइल कटर घ्यावा का?

कोल्हापुरात कळंबा, पाचगाव, फुलेवाडी या बाजूच्या नव्या घरांत दोन बाय चार फुटांची, गुजरातमधल्या मोरबीची व्हिट्रिफाइड फरशी सर्रास दिसते. गिलावा आणि वीटकाम करणारा गवंडी या कामाकडे वळतो, तेव्हा थापी, ओळंबा, गुण्या, दोरी, लेव्हलची नळी हे सगळं त्याच्याकडे आधीच असतं. कापायचा सराव मात्र नसतो. त्यामुळे पहिली मोठी खरेदी म्हणून चार फुटी, म्हणजे १२०० मिमीचा हाताने ओढायचा कटर समोर येतो. इथे लिहिलंय ते कुठल्या एका कंपनीबद्दल नाही, या प्रकारच्या कटरबद्दल आहे. आमचं मत: घरातलं फरशीकाम धरणार असाल तर घ्यावा, पण फिरत्या पात्याने कापणारा ग्राइंडर विकून नव्हे.

आधी हिशोब. दोन बाय चारच्या खोक्यात साधारण दोनच नग येतात, मिळून साडेपंधरा चौरस फूट. एक नग तडकला की पावणेआठ फूट माल गेला. त्याच बॅचचा माल संपला असेल तर रंगातला फरक आयुष्यभर हॉलमध्ये दिसतो. गिलाव्यात चूक झाली तर पुट्टी आणि रंग झाकून घेतात, फरशीत ती सोय नाही. म्हणून फुटलेल्या नगाचे पैसे कोणाच्या अंगावर, हे मजुरीचा दर ठरवतानाच बोलून घ्या.

कटरची करामत साधी आहे. कार्बाइडचं छोटं चाक चकाकीवर बारीक चीर पाडतं, मग दट्ट्या दाबला की त्या चिरेवर फरशी वाकून सरळ फुटते. धूळ जवळपास नाही. राहत्या फ्लॅटमध्ये बाथरूम बदलायचं काम असेल तर एवढ्यानेच पैसे वसूल. कोरड्या ग्राइंडरची धूळ म्हणजे सिलिका, ती फुप्फुसात साचते आणि परत निघत नाही. नाकाला रुमाल बांधून ती थांबत नाही.

कापताना कटरची पाटी आधी ब्रशने झाडा. खाली बारीक खडा राहिला तर दाब तिथेच पडतो आणि फरशी भलतीकडे तडकते. चकाकी वर, चाकावर तेलाचा एक थेंब, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ. आवाज अखंड ‘चर्र’ यायला हवा. मध्येच तुटला तर तिथे चाक टेकलेलंच नाही. नव्या माणसाचं सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. गिलाव्यावर पाटा ओढायची सवय असते, त्यामुळे हात जोर लावतो, किंवा खात्री म्हणून दुसऱ्यांदा रेघ ओढतो. दोन्हींनी चिरेच्या कडा भरडतात आणि तुकडा दातेरी निघतो. फोडताना दट्ट्या कडेजवळ ठेवा आणि दाब हळूहळू वाढवा, झटका नको. चार फूट लांबीत कापताना बाजूचे आधार बाहेर ओढून घ्या. लोंबकळणारी बाजू स्वतःच्याच वजनाने शेवटच्या फुटात रेघ सोडते.

काय जमत नाही, तेही ऐका. जाडीच्या तिपटीपेक्षा अरुंद पट्टी नीट सुटत नाही. नऊ मिमीच्या फरशीला साधारण एक इंचाखालची पट्टी ग्राइंडरनेच काढावी. चौकटीजवळचा एल आकारही ग्राइंडरचाच. त्यात आतल्या कोपऱ्यावर आधी छोटं भोक पाडून घ्या, नाहीतर चीर कोपऱ्यातून थेट आरपार जाते. नळाच्या भोकाला डायमंडचा होल कटर आणि पाणी. कोटा, कडप्पा, ग्रॅनाइट यांच्या वाटेला हा कटर जात नाही, आणि पार्किंगच्या जाड फरशीवर तो नुसता दमवतो. अशीच कामं जास्त मिळत असतील तर पैसे पाण्यावरच्या मशीनमध्ये घाला.

दुकानात जाताना फरशीचा एक वाया गेलेला मोठा तुकडा बरोबर न्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. गाडा, म्हणजे चाक बसवलेला सरकता भाग, दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळला तर रेघ वाकडी येणारच. गाडा ज्यावर सरकतो त्या दांड्यावर मधोमध दाबा, डोळ्याला बाक दिसला तर तो कटर नको. मग एक काप घ्या, एक तुकडा उलटा फिरवून दुसऱ्याला कड लावा. फट पाचरीसारखी दिसली तर फरशी टेकवायच्या आडपट्टीचा गुण्या चुकलाय. ती पट्टी सरकवून नीट होत असेल तर ठीक, रिव्हेटने बसवलेली असेल तर सोडून द्या. पूर्ण ६०० बाय १२०० च्या नगाचे दोन्ही कर्ण १३४२ मिमीच्या आसपास आणि एकमेकांशी सारखे भरायला हवेत. हेही एकदा मोजा, कारण कधीकधी कटर बरोबर असतो आणि फरशीच तिरकी असते.

चाक झिजतं, म्हणून दोन जादा चाकं त्याच दिवशी घ्या आणि व्यास, भोक, जाडी तिन्ही जुळतात का ते बघा. बेअरिंग किंवा दांडा गेला तर कोल्हापूरकरांना काळजी नाही, उद्यमनगरात लेथवाल्याकडे काम होऊन जातं. अडचण वजनाची आणि लांबीची आहे: दुचाकीवर न्यायचा नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायला बिगारी लागतो.

पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण त्यात चार फुटी कटर मिळेलच असं धरून जुनी अवजारं काढू नका.

आणि कटर चांगला म्हणून बसवणी चांगली होत नाही. व्हिट्रिफाइड फरशी ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती नीट धरत नाही आणि ठोकल्यावर पोकळ वाजते. आयएस १५४७७ (फरशी चिकटवायच्या मालाचं भारतीय मानक) छापलेलं अॅडहेसिव्ह, दातेरी थापी, फरशीच्या पाठीवरही पातळ हात. २० किलोची गोणी तीन मिमी थरात ५० ते ५५ चौरस फूट जाते. तळ खाली-वर असेल तर ४० फुटांतच संपते. दर सांगताना हा फरक मालकाच्या कानावर आधीच घाला.