नवी अल्टो की वापरलेली टियागो? चोर्ल्याला विचारा

भाचा गोव्यात पेडण्याहून वेर्ण्याला रोज कामाला जातो, दोन-तीन महिन्यांनी घरच्यांना घेऊन चोर्ला घाटाने बेळगाव. बजेट बेताचं, म्हणून नवी अल्टो के-10 की चार-पाच वर्षं वापरलेली टियागो यावर गाडं अडलंय. "मामा, छोटी गाडी हायवेला झेपते का?" हा त्याचा प्रश्न.

इंजिनाने घाबरून जाऊ नये. के-10 ला 998 सीसीमधून साधारण 67 पीएस (म्हणजे अश्वशक्ती) मिळतात, टियागोला 1199 सीसीमधून 86. पण टियागो जवळपास दोनशे किलोंनी जड आहे, त्यामुळे एकटा माणूस झुआरी पुलावरून ऐंशीने निघाला तर दोन्ही सारख्याच पळतात. फरक असलाच तर वाऱ्याचा. पावसाळ्यात बाजूने बस गेली की हलक्या गाडीचं स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं.

खरी परीक्षा गाडी भरल्यावर. पाच माणसं आणि सामान म्हणजे साडेतीनशे किलो. हलक्या गाडीवर हे ओझं जास्त बसतं. माझ्याकडे पूर्वी आठशे सीसीची गाडी होती. चवथीनंतर बेळगावला निघालो की घाटाखालचं केरी सोडताच एसी बंद, काचा खाली, दुसरा गिअर, आणि पुढे ताशी चाळीसने चाललेला ट्रक. तो ओलांडायला तुम्ही साठ गाठलेत तर सात सेकंद लागतात, आणि समोरून कोणी साठने येत असेल तर अडीचशे मीटर रस्ता मोकळा हवा. पन्नासवरच दम संपला तर तेच अंतर साडेचारशेच्या आसपास जातं. चोर्ल्यात एवढा सरळ तुकडा दाखवा मला! के-10 माझ्या त्या गाडीपेक्षा खूपच बरी, पण भरलेली असेल तर ट्रकच्या मागेच राहायचं.

धडकेचं म्हणाल तर गाड्या आदळवून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टियागोला 2020 साली मोठ्यांसाठी चार तारे मिळाले, के-10 ला 2023 साली दोन, मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. मात्र 2022 पासून चाचणी कडक झाली, तेव्हा चारातून दोन वजा करून मोकळं होऊ नका. शिवाय के-10 ला 2024 पासून ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि 2025 पासून सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत आहेत; चाचणीच्या गाडीत दोनच होत्या.

भाचा एकटाच जा-ये करणारा असता तर नवी के-10 घे म्हटलं असतं. मागच्या सीटवर दोन मुलं बसणार आहेत, म्हणून मी टियागोच्या बाजूने. फक्त घेताना टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचायचा. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे रबर जुनं झालेलं. नक्षी कितीही खोल दिसू दे, चारही टायरचे पैसे किमतीतून कापून घ्यायचे.