सिक्स फ्लॅग्स : बेचाळीस उद्याने, एक मालक

सिडार फेअर आणि सिक्स फ्लॅग्स या मनोरंजन उद्याने चालवणाऱ्या अमेरिकेतील दोन जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्यांचे 1 जुलै 2024 रोजी विलीनीकरण झाले. नाव सिक्स फ्लॅग्सचे राहिले, तरी भांडवलातील किंचित मोठा वाटा सिडार फेअरच्या गुंतवणूकदारांकडे गेला. 27 मनोरंजन उद्याने आणि 15 जलउद्याने एका मालकीखाली आल्यामुळे, बड्या कंपनीने प्रतिस्पर्ध्याची उद्याने विकत घ्यावीत का, हा प्रश्न आता तिकीट काढून आत जाणाऱ्याच्या बाजूने तपासता येतो.

ग्राहकाचा सर्वांत ठळक लाभ हंगामी पासमध्ये दिसतो. जादा रक्कम भरून सर्व उद्यानांत प्रवेशाची सोय पासला जोडता येते, आणि ओहायोतील सिडार पॉइंट व कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन ही पूर्वी दोन वेगळ्या कंपन्यांची ठिकाणे त्यामुळे एकाच पासवर पाहता येतात. रोलरकोस्टरसाठी राज्ये पालथी घालणाऱ्या शौकिनाला याहून चांगला सौदा मिळणार नाही. उन्हाळ्यात एखाद्या वेळी जवळच्या उद्यानात मुलांना नेणाऱ्या कुटुंबाला मात्र त्याचा काहीच उपयोग नाही, आणि प्रादेशिक उद्याने मुख्यतः अशा कुटुंबांवरच चालतात.

त्यांच्या वाट्याला विलीनीकरणाची दुसरी बाजू येते. मेरीलँडमधील सिक्स फ्लॅग्स अमेरिका हे उद्यान नोव्हेंबर 2025मध्ये कायमचे बंद झाले. डझनावारी उद्याने असलेल्या मालकाच्या हिशेबात एखादे उद्यान म्हणजे विकता येण्याजोगी जमीन असते. त्या परिसरातील लोकांसाठी मात्र तेच एकमेव असते.

ही प्रवृत्ती नवी नाही. ओहायोतील ऑरोरा येथे एकाच तळ्याच्या दोन काठांवर गिओगा लेक आणि सी वर्ल्ड अशी दोन उद्याने होती. गिओगा लेकची मालकी असलेल्या सिक्स फ्लॅग्सने 2001मध्ये सी वर्ल्डही विकत घेऊन दोन्हींचे एक प्रचंड उद्यान केले, 2004मध्ये ते सारे सिडार फेअरला विकले, आणि त्याच राज्यात सिडार पॉइंट आधीपासून हाताशी असलेल्या सिडार फेअरने 2007च्या हंगामानंतर तिथले पाळणे व रोलरकोस्टर कायमचे थांबवले. सहा वर्षांच्या खरेदी-विक्रीत शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेले ठिकाण संपले. ते जलउद्यान म्हणून आणखी काही वर्षे तग धरून राहिले, एवढेच.

याउलट फ्लोरिडातील ऑरलँडोत डिस्नी आणि युनिव्हर्सल कधीच एक झाले नाहीत, म्हणून तिथला प्रेक्षक सुदैवी ठरला. युनिव्हर्सलने 2010मध्ये हॅरी पॉटरचे जग उभारले, 2017मध्ये डिस्नीने ‘अवतार’ चित्रपटावर आधारलेला पँडोरा हा विभाग उघडला, 2019मध्ये स्टार वॉर्सचा विभाग आणला, आणि 2025च्या मे महिन्यात युनिव्हर्सलने एपिक युनिव्हर्स हे संपूर्ण नवे उद्यान सुरू केले. शेजारचा स्पर्धक विकत घेता आला असता, तर इतका खर्च करण्याची निकड दोघांनाही वाटली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय खरेदीने सगळे हाती येतेच असे नाही : डिस्नीने 2009मध्ये मार्व्हल कंपनी घेतली, तरी 1994च्या करारामुळे मार्व्हलच्या कित्येक पात्रांचा उद्यानातील हक्क ऑरलँडोत आजही युनिव्हर्सलकडेच आहे.

खरेदीचे एक उदाहरण मला मनापासून पटते. फ्लोरिडातील सायप्रेस गार्डन्स 2009मध्ये बंद पडल्यावर मर्लिन कंपनीने ते घेतले, 2011मध्ये तिथे लेगोलँड उघडले आणि जुनी वनस्पतिबाग जपली. मात्र तो चालता स्पर्धक नव्हता; बंद पडलेली जागा पुन्हा चालू करणे आणि गर्दी खेचणारा शेजारी गिळणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून एकत्रित पासला मी पाचपैकी चार तारे देईन आणि विलीनीकरणाला दोन. पास घ्यायचा असेल, तर ज्या उद्यानांसाठी तो घेत आहात ती पुढच्या हंगामात उघडी राहणार आहेत का, हे कंपनीच्या अधिकृत घोषणांत आधी तपासून घ्यावे.