५२ दिवसांचं सांगून महिन्याचं पिल्लू गळ्यात मारलं, आमचा अनुभव

लिहीन लिहीन म्हणत तीन महिने गेले, ते दिवस आठवले की हातच चालायचा नाही. पण आता गणपती येतील, मग दिवाळी, सुट्ट्यांमध्ये मुलांच्या हट्टापायी बरेच जण कुत्र्याचं पिल्लू आणायचा विचार करतात म्हणून आज बसलेच. लिखाण मोठं झालंय, पण पिल्लू घ्यायचा विचार असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही चिंचवडला राहतो. लेक ११ वर्षांचा, दोन वर्षं कुत्रा पाहिजे म्हणून मागे लागला होता. मे महिन्यात नवऱ्याने ऑनलाइन एक जाहिरात बघितली. फोटोत पिवळी लॅब्राडॉर आई गवतावर आडवी झालेली आणि पोटाशी सात-आठ पिल्लं, खाली लिहिलेलं की शुद्ध लॅब्राडॉर, डबल बोन, दोन्ही डोस पूर्ण, पेपर मिळतील. (डबल बोन असं काही नसतं हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं, पिल्लू दणकट वाटावं म्हणून विकणाऱ्यांनी काढलेला शब्द आहे.) फोन केला तर माणूस बोलायला इतका गोड, दर वाक्याला ताई. १४ हजार म्हणाला, १२ ला तयार झाला. मी म्हटलं आम्हाला आई बघायचीये, घरी येतो. तर म्हणे, "ताई, फार्म आत आहे, रस्ता खराब आहे, आणि आई बाळंतीण आहे, अनोळखी माणूस दिसला की चिडते. तुम्ही कशाला एवढ्या उन्हात येता, मीच हायवेला आणून देतो." आम्हाला ते पटलं, उलट वाटलं बघा किती समजूतदार माणूस आहे.

रविवारी सकाळी चाकणच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाशी भेटलो. गाडीच्या डिकीत आंब्याची लाकडी पेटी, खाली पेंढा, त्यात चार पिल्लं. अकरा वाजताचं मे महिन्याचं ऊन. आमच्या आधी एक जोडपं येऊन थांबलं होतं, त्यांनी एक नर उचलला. लेकाने दुसरा उचलला तो त्याच्या हाताचा अंगठा तोंडात घेऊन चोखायला लागला, मग काय, ठरलंच. त्याचे डोळे निळसर होते. तो माणूस म्हणाला हे रेअर आहे, निळ्या डोळ्यांचं एकच निघालं, ह्याचे हजार जास्त. ते पण दिले. १३ हजार यूपीआयने गेले, स्क्रीनवर नाव भलतंच आलं, विचारलं तर म्हणे भावाचं अकाउंट आहे. पेपरसाठी अजून तीन हजार, केनेल क्लबचे (कुत्र्यांच्या जातीची नोंद ठेवणारी संस्था) पेपर चेन्नईहून कुरिअरने येतील म्हणाला, ते मात्र नवऱ्याने आल्यावर देतो म्हणून थांबवले. नशीब.

सोबत लसीकरणाचं कार्ड दिलं. जन्मतारखेवरून त्या दिवशी पिल्लू ५२ दिवसांचं होत होतं. दोन डोस, जंताचं औषध, आणि रेबीज सुद्धा झालं म्हणून लिहिलेलं. आता घाबरायचं कारण नाही, खाली फिरवा, दुधात पोळी कुस्करून द्या, सगळं खातो म्हणाला. त्या जोडप्याशी नंबर घेतले, दोघं सख्खे भाऊ आहेत तर राखीला भेटवू असं ठरलं.

घरी आल्यावर नाव ठेवलं चिकू. पहिला दिवस नुसता झोपला आणि रात्रभर रडला, आम्हाला वाटलं आईची आठवण येत असेल. दुधातली पोळी चाटायचा पण गिळता यायची नाही. सोमवारी शी पातळ झाली, सासूबाई म्हणाल्या जागा बदलली की होतं असं, दह्याचं पाणी दिलं. सोमवारीच संध्याकाळी डोस झालेत या भरवशावर सोसायटीच्या बागेत नेलं. मंगळवारी रात्री दोनला उलटीचा आवाज आला म्हणून लाइट लावला तर पांढरा फेस, आणि पहाटे जी शी झाली तिचा वास मी कधी विसरणार नाही, नुसतं पातळ आणि लालसर, लोखंडाला गंज चढल्यासारखा आणि सडल्यासारखा वास. सकाळपर्यंत तो मान उचलेना.

डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलंच नाही, बाहेर गाडीपाशी येऊन बघितलं, आत बाकी पिल्लं होती म्हणून. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, हळूहळू खाली गेली. अंगात पाणी उरलं नाही की असं होतं. हिरड्या पांढुरक्या, बोट लावलं तर चिकट. मग शीच्या जागेवरून कापसाची काडी फिरवून टेस्ट केली, दहा मिनिटात पट्टीवर दोन रेघा आल्या. पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार.

त्यानंतर डॉक्टरांनी कार्ड मागितलं. कार्ड बघितलं, चिकूकडे बघितलं, आणि अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलून मला जवळ बोलावलं. पुढचे बारीक दात तांदळाच्या कण्यांसारखे, बाजूचे सुळे टाचणीच्या टोकाएवढे, आणि त्याच्यामागे नुसती गुलाबी हिरडी. म्हणाले, "ताई, ५२ दिवसांचा असता तर इथे मागे दाढा दिसल्या असत्या. हा फार तर महिन्याचा आहे." वजन केलं, २ किलो १०० ग्रॅम. ५२ दिवसांचा लॅब्राडॉर साधारण याच्या दुप्पट भरतो. आणि निळे डोळे म्हणाल तर या वयात सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात, पुढे काही आठवड्यात आपोआप तपकिरी होतात. ज्याचे आम्ही हजार रुपये जास्त मोजले तोच त्याचं वय लहान असल्याचा पुरावा होता.

मग कार्ड. खऱ्या लसीच्या बाटलीवर एक छोटा स्टिकर असतो, बॅच नंबर आणि एक्सपायरी असलेला, तो काढून कार्डवर चिकटवतात आणि डॉक्टर सही करून रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का मारतात. आमच्या कार्डवर एकच स्टिकर, त्याच्या कडा गोळा झालेल्या म्हणजे दुसरीकडून उचकटून लावलेला, आणि त्यावरची एक्सपायरी जानेवारीतच संपलेली. दुसऱ्या डोससमोर आणि रेबीजसमोर नुसतं पेनाने टिकमार्क. शिक्का असा की नाव वाचताच येत नाही, नंबर तर नाहीच. हे कार्ड आमच्या हातात तीन दिवस होतं आणि आम्ही ते फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलं होतं.

एक गोष्ट मला तेव्हा कळली जी कुणी सांगत नाही. एवढ्या लहान पिल्लाला खरोखर लस दिली असती तरी बहुतेक उपयोग झाला नसता. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते ती असेपर्यंत लस नीट काम करत नाही, आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात, आणि रेबीजचं तीन महिन्यांच्या सुमारास. त्यामुळे "५० दिवसांचा आहे, सगळे डोस पूर्ण" हे वाक्यच खोटं आहे, पिल्लू खरंच ५० दिवसांचं असलं तरी. आणि पार्वोची लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात त्यामुळे डॉक्टर म्हणाले की आमच्या बागेतून नाही, बहुतेक त्या पेटीतूनच आणलंय.

पार्वोवर आपल्याकडे सहसा थेट औषध मिळत नाही. सलाईन, उलटी थांबायचं इंजेक्शन, दुसरं इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि वाट बघायची. सहा दिवस सकाळ-संध्याकाळ दवाखाना, त्याच्या पुढच्या पायाला निळी पट्टी गुंडाळलेली, सुई निघू नये म्हणून मी तो पाय हातात धरून तीन तीन तास बसायचे. सलाईनची बाटली गाडीच्या हँडलला टांगलेली. त्याचा पाय माझ्या करंगळीएवढा होता हो. खर्च १८ हजारांच्या वर गेला. पाचव्या दिवशी त्याने माझ्या हातावरचं पाणी चाटलं तेव्हा मी तिथेच रडले.

त्या जोडप्याचं पिल्लू जगलं नाही. त्यांनाही तेच कार्ड, तोच टिकमार्क. त्यांच्याकडे उलट्या सुरू झाल्यावर शेजारच्यांनी माणसाची पोटदुखीची गोळी द्यायला सांगितली, ती दिली, एक दिवस त्यात गेला. त्यांना दोष देत नाहीये, दह्याचं पाणी मी पण दिलं होतंच. पण कृपा करून माणसांच्या गोळ्या पिल्लाला देऊ नका, आणि उलटी-जुलाब दोन्ही एकदम असतील तर रात्र काढू नका.

विकणाऱ्याला बुधवारी फोन केला. आधी म्हणाला तुम्ही काहीतरी खायला घातलं असेल. मग म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, रिप्लेस करून देतो, दुसरं घेऊन जा." म्हणजे त्याच्याकडे हे नेहमीचंच आहे. मी दातांचं बोलले तर फोन कट, नंतर ब्लॉक. आणि दुसरं पिल्लू आणायचा विचारही करू नका, कारण हा विषाणू घरात, अंगणात महिनोन् महिने टिकतो. फिनाईलने मरत नाही. एक भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून फरशी आणि भांडी दहा मिनिटं ओली ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आम्ही आठवडाभर तेच करत होतो, पेंढ्यासकट आणलेलं जुनं फडकं जाळलं.

इथे संपलं नाही. चिकू बरा झाला आणि चावायला लागला. खेळता खेळता असा चावायचा की रक्त यायचं, सोडायचा नाही. लेकाच्या पोटरीवर दोन दात घुसले. आम्ही जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि दवाखान्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न, कुत्र्याचं रेबीज झालंय का? कार्डवर झालंय, पण कार्ड खोटं, आई कुठली माहीत नाही. पोराला पूर्ण कोर्स घ्यावा लागला. पेटीवाल्या माणसाने पेनाने मारलेली एक टिक माझ्या मुलाच्या दंडापर्यंत आली, याचा मला आजही संताप येतो.

एक ट्रेनर घरी आला, बघून म्हणाला हा अॅग्रेसिव्ह आहे, दहा दिवस माझ्याकडे ठेवा, ९ हजार, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) लावून सरळ करतो. या वेळी आम्ही आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले अॅग्रेसिव्ह वगैरे काही नाही, पिल्लं भावंडांशी खेळताना शिकतात की जोरात चावलं तर समोरचा केकाटतो आणि खेळ बंद करतो. आईही दम देते. हे शिकायचे नेमके आठवडे याचे पेटीत आणि सलाईनवर गेले. म्हणून ते आता आपण शिकवायचं. दात लागला की हात झटकायचा नाही, ओरडायचं नाही, खेळ थांबवून उठून दुसऱ्या खोलीत जायचं, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. चावायला दोरी नाहीतर फ्रीजरमधला गार ओला नॅपकिन द्यायचा. आणि झोप, या वयात १८ तास तरी लागते, संध्याकाळी सातला तो वेड्यासारखा चावायचा ते दमून, आम्हाला वाटायचं मस्ती आलीये. घरातल्या सगळ्यांनी सारखंच वागायचं हे सगळ्यात अवघड गेलं, सासरे गुपचूप हात द्यायचे चावायला. दीड महिना लागला पण आता दात लागला तरी दाबत नाही.

कायद्याचं थोडं. २०१७ साली केंद्राने कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे नियम केलेत. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तुम्ही फोनवरच नोंदणी नंबर मागा, आणि आईला तिच्या जागेवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, फोटोतली नाही, खरी. केनेल क्लबच्या नोंदणीला मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) लागते, तेव्हा "पेपर मागाहून येतील" म्हणणाऱ्याला चिप कुठे आहे ते विचारा. शक्य असेल तर पैसे द्यायच्या आधी डॉक्टरकडे न्या, विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, आता जिल्हा ग्राहक आयोगात करतोय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. डॉक्टरांनी दातांवरून वय आणि टेस्टचा निकाल लेटरहेडवर लिहून दिलाय, पेमेंटचे स्क्रीनशॉट आहेत, ते जोडपंही सोबत येणार आहे. खऱ्या नावाचा पत्ता लागत नाही ही अडचण आहे, पण यूपीआयवरचं नाव आहे.

मागच्या आठवड्यात तीच गवतावरची आई आणि तीच पिल्लं दुसऱ्या जाहिरातीत दिसली, दुसरा नंबर, गाव सांगितलं सातारा. रिपोर्ट केलीये. जाहिरात अजून आहे.

त्या पेटीत चार पिल्लं होती. दोघांचं आम्हाला माहितीये. उरलेल्या दोन फिमेल, एकीच्या छातीवर पांढरा ठिपका होता रुपयाएवढा, दुसरी जरा गडद, कानाची टोकं तांबूस. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चाकणजवळ हायवेवर कुणी घेतल्या असतील तर कमेंटमध्ये कळवा. आजारी पडली नसली तरी कार्डवर विसंबू नका, डोस पहिल्यापासून सुरू करा, रेबीजसकट. आणि ठिपकेवाली जिवंत असेल तर तिचा एक फोटो पाठवा, लेक रोज विचारतो.